सतार धरायची नसते

आण्याला, आमच्या गावी, मी पहिल्यांदा सतार नेली तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. गवसणीतल्या त्या लांबोळक्या ऐवजाकडे बघून त्यांनी विचारलं, "वीणा आणलीस का गं?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्याकडे तारांचं वाद्य म्हणजे सप्ताहातली वीणा. सात दिवस ती भुईला टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. वडील नेहमी रात्रीचा पहारा मागून घेत आणि देवळाच्या खांबाला न टेकता उभे राहत. मी गवसणीची दोरी सोडली, सतार बाहेर काढली. भोपळ्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "एवढं धूड गळ्यात पेलायचं कसं?"

"ही बसून वाजवतात, आण्णा."

"मग सोपंय."

मला तेव्हा सतार शिकायला लागून पाच महिने झाले होते. माझा डावा खांदा कानाच्या दिशेनं वर चढला होता आणि तिथंच राहिला होता. रात्री कुशीवर वळताना मनगटातून चमक निघायची. त्या 'सोपंय'वर मला हसूही आलं नाही.

ही १९९५ सालची गोष्ट. पुण्याच्या एका उपनगरात मी शाळेत शिकवत होते. सत्ताविशीत सतार शिकायचं ठरवलं तेव्हा लोकांनी विचारलं, आता कशाला? मला उत्तर देता आलं नव्हतं. लहानपणी रेडिओवर संध्याकाळी सतार लागायची, ती आवडायची, एवढंच. कल्याण-नगर रस्त्यावरच्या, घाट चढून आल्यावर लागणाऱ्या कोरड्या पठारावरच्या आमच्या गावात संध्याकाळ फार लांब असते. तालुक्यात माणिकडोह, येडगाव अशी मोठी धरणं आहेत, पण पाणी खाली आणि आम्ही वर. त्यामुळे पठारावरच्या बायांच्या डोक्यावर हंडा आणि मुलींच्या कमरेवर कळशी असायची. मीही पुष्कळ पाणी वाहिलं. अंगमेहनतीला मी भीत नव्हते. बसून वाजवायच्या वाद्यानं आपल्याला जेरीला आणलं, ही गोष्ट मला म्हणूनच लाजेची वाटायची.

माझे गुरुजी सत्तरीचे होते, मोजकं बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही सूर वाजवू दिला नाही. फक्त बसवलं.

सतारीची बैठक लांबून मांडीसारखी दिसते, पण ती मांडी नाही. डावा पाय दुमडून जमिनीवर आडवा घ्यायचा, पाऊल उजव्या कुल्ल्याशी. उजवा पाय त्याच्यावरून पलीकडे टाकायचा, म्हणजे उजवा गुडघा डाव्याच्या वर येतो. भोपळा डाव्या पायाच्या तळव्याशी टेकतो, दांडी उजव्या मांडीवर विसावते. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग भोपळ्यावरून पुढे येतो, अंगठा दांडीच्या कडेला शेवटच्या पडद्यापाशी टेकतो, तर्जनीत तार छेडायची नखी. सतार तिरकी, जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत. चार फुटांचं, तीन-साडेतीन किलोंचं वाद्य असं तीन ठिकाणी ठेवलेलं असतं: तळवा, मांडी आणि उजवा हात. डाव्या हाताला या बैठकीत काहीच काम नाही.

"बाई, धरू नका," गुरुजी म्हणाले. "ठेवा."

मी ठेवली. ते म्हणाले, "आता डावा हात काढा." मी हात काढला आणि दांडी डावीकडे कलंडली. त्यांनी ती झेलली. "रोज वाजवायच्या आधी एवढं करायचं. हात काढल्यावर सतार जागेवर राहिली पाहिजे." पुढचे कित्येक दिवस माझी सतार जागेवर राहिली नाही. मी मनातल्या मनात तडजोड केली: डाव्या अंगठ्यानं दांडीला खालून जरासा टेकू द्यायचा. गुरुजींच्या ते लक्षात आलं असणार. ते दर वेळी "धरू नका" म्हणायचे आणि मी दर वेळी "हो" म्हणून धरायचे.

दुखणी एकेक करून आली. सगळ्यात आधी डावा पाय. दहाव्या मिनिटाला मुंग्या, विसाव्या मिनिटाला तो पाय आपला नाहीच असं वाटायचं. उठताना भिंत धरावी लागे. मग बोटं. डाव्या हाताच्या तर्जनी-मध्यमेवर पोलादी तारेच्या चऱ्या पडल्या. आधी लाल, मग काळ्या, मग कातडी सुटली आणि खालून नवी, निबर आली. नखी घट्ट बसवल्यामुळे उजव्या तर्जनीचं पेर सुजायचं. सैल केली की ती वाजवताना फिरायची. भोपळ्याची कड उजव्या हाताला रुतायची आणि करंगळीपर्यंत बधिरपणा जायचा. मान अवघडायची, कारण पडदे दिसावेत म्हणून मी सतारीचं तोंड स्वतःकडे झुकवून वाकून बघत होते. खरं तर सतार सरळ उभी ठेवली तर वाजवणाऱ्याला पडद्यांच्या कडाच तेवढ्या दिसतात. बाकी सगळं बोटांनी ओळखायचं असतं. नवशिक्याला तेवढा धीर नसतो. शाळेत दिवसभर टेबलावर वाकून वह्या तपासायच्या आणि रात्री सतारीवर वाकायचं, असा माझा दिनक्रम होता. पाठीला रग लागायची ती सकाळपर्यंत उतरायची नाही.

गुरुजींकडचे एक जुने विद्यार्थी मला म्हणाले होते, "दुखतंय म्हणजे बरोबर चाललंय. सुरुवातीला सगळ्यांना दुखतं. रियाज वाढवा." मला ते पटलं, कारण ते माझ्या संस्कारांना धरून होतं. आमच्याकडे कष्ट दुखल्याशिवाय होत नाहीत. कांद्याच्या लागणीत कंबर दुखते, म्हणून कोणी लागण थांबवतं का? मी अर्ध्या तासाचा दीड तास केला. पलटे, 'दा रा दा रा', 'दिर दा दिर दा रा'. बोटांवरच्या घट्ट्यांचा मला अभिमान वाटायला लागला. मग मींड सुरू झाली.

मींड म्हणजे तार पडद्यावरच्या पडद्यावर बाजूला खेचून एका सुरातून पुढच्या सुरात जाणं. सतारीचा सगळा जीव तिच्यात. पण तार खेचली की तारेबरोबर दांडीही ओढली जाते. सतार नीट ठेवलेली असेल तर उजवा हात आणि मांडी ती ओढ सोसतात. माझी सतार ठेवलेली नव्हती, धरलेली होती. म्हणजे माझा डावा हात एकाच वेळी दांडी वर उचलत होता आणि तार खाली खेचत होता. स्वतःशीच कुस्ती. तीन आठवड्यांत मनगट असं भरून आलं की बादली उचलता येईना. फळ्यावर लिहिताना डाव्या हातानं पुस्तकही पेलवेना.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी सतार घेऊन यायला सांगितलं, हे त्यांचं थोरपण. बाकी कोणी ते सुचवलं नव्हतं. मी वाजवत असताना त्यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. "हा वर का आहे?" मला तो वर आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सहा आठवडे वाद्याला हात लावायचा नाही. आणि तुमचं दुखणं मनगटाचं नाही, बसण्याचं आहे. मनगट फक्त बिल भरतंय.

बसण्याचं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं नाही. ते आण्याला कळलं.

त्या सहा आठवड्यांत मी गावी गेले. थंडी होती आणि गावचे संत रंगदासस्वामी यांच्या पुण्यतिथीची यात्रा आली होती. आण्याची यात्रा म्हणजे आमटी-भाकरी. डाळीची मसालेदार आमटी मोठमोठ्या कढयांतून शिजते, वाटेवरूनच वास लागतो. भाकरी मात्र घराघरांतून थापून येते. हजारो माणसं पंगतीला बसतात, तेव्हा त्या भाकऱ्यांमागे किती हात लागले असतील याचा हिशेब कोणी करत नाही. आमच्या घरी आई, दोन चुलत्या आणि आत्या पहाटेपासून चुलीपाशी बसल्या होत्या. माझ्या मनगटाला पट्टी, म्हणून मला फक्त भाकरी आरापुढं उभी करायचं आणि फिरवायचं काम दिलं. मी मांडी घालून बसले. पंधरा मिनिटांत पाय आखडले, मी चुळबुळायला लागले. अर्ध्या तासात दोनदा उठून आले.

धाकटी काकू माझ्यासमोर काठवटीत भाकरी थापत होती. पिठाचा गोळा, तळहाताचा दाब, बोटांनी कड सारखी करत काठवटीतच फिरवायची. वय पंचावन्न, अंगानं जड, सकाळपासून तिथंच बसलेली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, भुईवर बस की. अशी अधांतरी काय बसलीस?"

"भुईवरच बसलेय ना."

"नाय. टेकलीस फक्त. बसली नाहीस."

तिनं स्वतःच्या बुडाखालचा पाट थोडा पुढं ओढून दाखवला. तोवर तो मला दिसलाच नव्हता. साडीच्या घोळात लपलेला चार बोटं उंचीचा जुना पाट. ती त्याच्या पुढच्या निम्म्यावर बसली होती. दोन्ही पाय आडवे दुमडून भुईवर, गुडघे पाटाच्या खाली. गुडघे कुल्ल्यांपेक्षा खाली असतील तर पाठ आपोआप ताठ राहते, मुद्दाम ताठ ठेवावी लागत नाही. गुडघे वर गेले की कंबर मागे ढासळते, मग माणूस पोक काढतो, पोक निघालं की मान पुढे येते, मान सावरायला खांदे वर चढतात. हे मी नंतर नीट शब्दांत मांडायला शिकले. त्या पहाटे मला एवढंच दिसलं की काकूचे खांदे खाली आहेत. दोनशे भाकऱ्या थापलेल्या बाईचे खांदे लोंबते, सैल, आणि पाच महिने सतारीवर 'सारेगम' वाजवणारीचे कानाला लागलेले.

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. भाकरी थापताना तिच्या हातावर तिचा स्वतःचा भार अजिबात नव्हता. हात फक्त भाकरीचे होते. भार सगळा पाटानं आणि भुईनं घेतलेला. आणि मग मला आमच्या पाणी वाहण्याची आठवण झाली. डोक्यावर भरलेला हंडा असला की बाया दोन्ही हात मोकळे सोडून, बोलत, हातवारे करत चालायच्या. नवीन मुलगी मात्र हंड्याला हातानं धरून ठेवायची. तिचं पाणी हिंदकळायचं, दंड दुखायचे. मोठ्या बाया ओरडायच्या, "सोड त्याला. चुंबळ नीट बसव आन् सोड." हंडा पेलायचा तो मानेनं आणि पाठीनं. हातानं धरला की तो पडतो. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. गुरुजी तेच तर सांगत होते. पण ते पुण्यातल्या संगीताच्या खोलीत सांगितल्यामुळे मला ते संगीताचं काहीतरी गूढ वाटलं. आपल्या अंगाला आधीपासून येत असलेली गोष्ट तिथं चालेल, असं मनातच आलं नाही. शिकायला गेलेली गावाकडची माणसं हे नेहमी करतात. अंगभूत सगळं दाराबाहेर, चपलांपाशी काढून ठेवतात.

सहा आठवड्यांनी मी परत बसले तेव्हा बुडाखाली चौघडी घातलेली गोधडी होती. आईनं जुन्या लुगड्याची एक चुंबळ वळून दिली होती, भोपळ्यासाठी. सतार नुसती ठेवताना ती चुंबळीवर बसायची. वाजवताना चुंबळीचं काम तळव्यावर घेतलेला खडबडीत कापडाचा तुकडा करायचा, म्हणजे भोपळा घसरत नाही. उजव्या हाताला भोपळ्याची कड रुतत होती तिथे मी लांब बाहीचा ब्लाउज घालायला लागले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजवा हात त्या कडेवर दाबायचा नसतो, सैल सोडायचा असतो, हे उमगलं. हाताचं स्वतःचं वजनच पुरतं. भोपळ्यावर ते वजन आलं की दांडीचं टोक आपोआप वर उचललं जातं, तराजूच्या पारड्यासारखं. मी आजवर डाव्या हातानं जे उचलत होते ते उचलण्याची सोय वाद्यात आधीपासूनच होती.

गुरुजींसमोर बसले. त्यांनी गोधडीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मी डावा हात काढला. सतार हलली, पण राहिली. ते म्हणाले, "आता सुरू करू." पाच महिने आम्ही काय करत होतो, हे मी विचारलं नाही.

पुढे गुरुजींबरोबर मिरजेला जायचा योग आला, माझी स्वतःची सतार घ्यायला. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही वाद्यं होतात. सुरुवात करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानी लढाया सरल्या आणि त्या घराण्यांचे हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या गल्लीतला लाकडाच्या भुशाचा आणि लाखेचा वास आठवला. दुकानात छताला भोपळे टांगलेले होते. पंढरपूरकडच्या शेतांतून येणारे, खायच्या कामाचे नसलेले कडू भोपळे. दोन भोपळे सारखे नव्हते. एक रुंद, एक उभट, एकाला बाजूला फुगवटा. कारागीर म्हणाले, भोपळ्याचा आकार वेल ठरवते, आम्ही नाही. म्हणजे प्रत्येक सतारीचं पोट वेगळं. तसंच प्रत्येक वाजवणाऱ्याची मांडी वेगळी, हाताची लांबी वेगळी. त्यांनी मला चार सतारी मांडीवर घ्यायला लावल्या, एकही वाजवून न दाखवता. चौथीचा भोपळा जरा लहान होता, माझा उजवा हात तिच्यावर अवघडून वर न चढता सहज पडला. "ही तुमची," ते म्हणाले. आवाज नंतर ऐकवला.

बैठकीचं एकच बरोबर चित्र असतं, हा माझा समज तिथं संपला. तसं ते असतं तर मोठ्या कलावंतांनीही पाळलं असतं. कित्येक स्त्री-वादक पाय एकावर एक न टाकता दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसत आल्या आहेत. पंडित रविशंकर यांनी उतारवयात लहान, हलक्या बांध्याची सतार जवळ केली आणि नव्वदी उलटल्यावरही वाजवत राहिले. त्यांचाच एक शिष्य जॉर्ज हॅरिसन, बीटल्समधला. तो १९६६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईला ताजमहाल हॉटेलात राहून सतार शिकला. त्याला शिकवताना रविशंकरांनी सरगमच्या जोडीला योगासनांचा शिक्षकही नेमला होता. कारण सरळ होतं. खुर्चीत वाढलेल्या माणसाचे कुल्ले भुईवर बसायला तयारच नव्हते. हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गुरूची नजर दिसते. समोरच्या माणसाचं शरीर आधी बघायचं, मग त्याच्या हातात वाद्य द्यायचं.

ही नजर माझ्यात फार उशिरा आली, हे कबूल केलं पाहिजे. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी आण्याला परत आले. आता वडील नाहीत, काकू नाही. काकूचा पाट आहे. शनिवार-रविवार ओसरीलगतच्या खोलीत सात-आठ जण शिकायला येतात. बेल्ह्याहून येतात, आळेफाट्याहून येतात, नळवण्याचा एक मुलगा आहे. सुरुवातीच्या वर्षात एक दहावीतला मुलगा होता, हुशार, बोटं चपळ. एकदा तो म्हणाला, "मॅडम, हाताला मुंग्या येतात." मी वहीत काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "सुरुवातीला सगळ्यांना येतात." म्हणाले आणि पेन थांबलं. हेच वाक्य मला कोणी सांगितलं होतं, ते आठवलं. मी उठून त्याच्याजवळ गेले. त्याची नखी वेगळ्याच बोटात होती, कोपर भोपळ्याच्या कडेवर टेकलेलं आणि करंगळी पांढरी पडलेली. तो तीन आठवडे तसाच वाजवत होता, कारण मी फक्त सूर ऐकत होते.

तेव्हापासून मी मुलांना दुखण्यांची ओळख करून देते, रागांची करून देते तशी. बोटाच्या टोकाचं दुखणं चालेल, ते तारेचं आहे, पंधरा दिवसांत कातडी निबर होते, रात्री खोबरेल लावायचं. पायाला मुंग्या आल्या तर थांबायचं, पाय सोडायचे, पुन्हा बसायचं, त्यात कमीपणा नाही. हात बधिर झाला, करंगळी सुन्न झाली, मनगटात जळजळ झाली, रात्री झोपेत दुखलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं, लाजायचं नाही. पहिला महिना दर पंधरा मिनिटांनी सतार खाली ठेवायची. ठेवायची म्हणजे चुंबळीवर. आणि रोज सुरुवातीला डावा हात काढायचा.

आलेल्या प्रत्येकाचं अंग आपापल्या कामाची खूण घेऊन येतं. मोटारसायकल आणि मोबाइलवाल्या पोरांची मान पुढे आलेली असते. त्यांना सतार मांडीवर घ्यायच्या आधी भिंतीला डोकं टेकवून बसायला लावते. एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात. पस्तीस वर्षं क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा गेलाय. तो दुमडतच नाही. त्यांना मी खुर्चीवर बसवते, पायाखाली ठोकळा, भोपळ्याला आधाराला उशी. पहिल्या दिवशी ते संकोचून म्हणाले, "खुर्चीवर बसून सतार म्हणजे देवळात बूट घालून गेल्यासारखं वाटतं." मी त्यांना सांगितलं, आण्णा वीणा उभ्यानं वाजवायचे, देवाला ते चाललं होतं. आता त्यांचा भूप कानाला गोड लागतो. अजून द्रुत जमत नाही, पण त्यांना घाई नाही. घाईत गाडी चालवायची नोकरी त्यांनी करून झालीये.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एक बाई आल्या. चाळिशीच्या, घरचा कांदा, स्वतः लागण करतात, काटणीला बसतात. मुलगी शहरात शिकायला गेली, घर सुनं झालं, म्हणून काहीतरी शिकायचं ठरवलं. त्यांनी सतार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला वाटलं, या बाईला शिकवायचं काय? ती भुईवर अशी बसली जशी माती बसते. काकूच्या पाटावर, डावा पाय आडवा, उजवा त्याच्यावरून पलीकडे, खांदे खाली. पण त्यांची अडचण वेगळी निघाली. त्यांची बोटं इतकी निबर होती की तार लागल्याचं त्यांना कळतच नव्हतं. कांद्याच्या पातीनं, विळ्यानं, मातीनं घट्टे पडलेले. बाकीच्यांना मी कातडी निबर व्हायची वाट बघायला सांगते, त्यांना मी कोमट पाण्यात बोटं भिजवायला सांगितलं. आम्ही दोघी त्यावर हसलो. त्या म्हणाल्या, "ताई, माझं सगळं उलटंच."

उलटं नव्हतं. एकाला भार सोडायला शिकवायचं असतं, दुसऱ्याला स्पर्श घ्यायला. सतार तीच असते.

परवाच्या रविवारी त्या यमन वाजवत होत्या. तीव्र मध्यमावरून पंचमाला जाणारी छोटीशी मींड, पहिल्यांदाच. दुपारची वेळ, बाहेर वाऱ्यानं शेवग्याच्या शेंगा पत्र्यावर आपटत होत्या. मींड अर्ध्यावर आली आणि त्यांचा पदर खांद्यावरून घसरला. उजवा हात वाजवतच होता, दा, रा. डावा हात दांडीवरून सुटला, पदर सावरला, कानामागचे केस सारखे केले आणि परत पडद्यावर आला.

त्या सबंध वेळात सतार होती तिथंच होती. त्यांना ते कळलंही नाही. मी वहीत काही लिहिलं नाही.

"ताई, मींड चुकली का?" त्यांनी विचारलं.

"चुकली," मी म्हणाले. "पुन्हा घ्या."